‘पॉवर’ला मराठीत काय म्हणावे? पाटणच्या खोऱ्यातून एक हरकत

१/ पाटण तालुक्यातील कोणत्याही गावात दिवसभर कान उघडे ठेवले, तर ‘पॉवर’ हा इंग्रजी शब्द किती कामांना जुंपला आहे ते कळते. वीज खंडित झाली की ‘पॉवर गेली’. निवडणूक जिंकलेला गट ‘पॉवरमध्ये आला’. मुंबईकर भावाने जमिनीच्या व्यवहारासाठी करून दिलेला कागद म्हणजे ‘पॉवर ऑफ ॲटर्नी’. शेतात ‘पॉवर टिलर’, आजोबांच्या चष्म्याची वाढलेली ‘पॉवर’, आणि कोणी फार बोलू लागला की ‘तुझी पॉवर किती?’ हा प्रश्न. शब्द एकच; गोष्टी मात्र अगदी निरनिराळ्या. हा थ्रेड त्या गोष्टींविषयी आणि त्या एका शब्दात कोंबल्याने इतिहासाचे काय नुकसान होते, त्याविषयी आहे. 👇

२/ समाजमाध्यमांवरील इतिहासलेखनात या शब्दाबाबत दोन सवयी आढळतात. पहिली सवय आळसाची : इंग्रजी ग्रंथात ‘पॉवर’ दिसले की ‘सत्ता’ लिहून पुढे जायचे. दुसरी सवय अभिमानाची : सत्ता, शक्ती, बळ, अधिकार, सामर्थ्य, ताकद, जोर, हुकूमत, अंमल अशी यादी द्यायची आणि ‘इंग्रजीच्या एका शब्दाला मराठीत इतके प्रतिशब्द’ म्हणून स्वतःचीच पाठ थोपटायची.

३/ दोन्ही सवयींच्या मुळाशी एकच चुकीचे गृहीतक आहे : हे सारे शब्द समानार्थी आहेत, कोणताही वापरला तरी चालतो. हे गृहीतक नाकारणे भाग आहे. पोलिसाकडे अधिकार असतो, पैलवानाकडे ताकद असते, वतनदाराकडे हक्क असतो, आणि गावच्या पुढाऱ्याकडे यांपैकी काहीच नसताना वट असू शकते. यांची अदलाबदल केली तर वाक्य मोडत नाही. पण कोणी कोणाचे काय घेतले, ही माहिती वाक्यातून नाहीशी होते. इतिहासाला हवी असते ती नेमकी हीच माहिती.

४/ प्रथम इंग्रजी शब्दाकडे पाहू. ‘पॉवर’ हा जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आला. त्याच्या मुळाशी ‘करू शकणे’ या अर्थाचे क्रियापद आहे. ‘पॉसिबल’ आणि ‘पोटेन्शियल’ हे त्याचेच नातेवाईक. म्हणजे मूळ अर्थ फक्त क्षमता एवढाच. ती क्षमता कोणी दिली, ती न्याय्य आहे की नाही, ती बाहूंत आहे की कागदावर, याचा त्या शब्दात कोणताही निवाडा नाही. पुढे राज्यशास्त्र, गणित, यंत्रशास्त्र आणि कायदा या सर्वांनी तोच शब्द उचलला.

५/ मराठी शब्दांची कुळे याहून वेगळी आहेत. ‘सत्ता’ हा संस्कृत ‘सत्’पासून आलेला, त्याचा मूळ अर्थ ‘असणे’, अस्तित्व. तत्त्वज्ञानात तो आजही त्याच अर्थाने येतो. वारकरी संतांच्या अभंगांत देह कोणाच्या सत्तेने चालतो, असा विचार येतो, तेव्हा राजा वा सरकार अभिप्रेत नसते. पुढे हा शब्द राज्यकर्त्यांना चिकटला. त्यामुळे ‘सत्ता’ म्हणताना मराठी मनाला काहीतरी आधीपासूनच असलेले, प्रश्न न विचारता मानायचे, असे सुचते. अनुवादकाने हे ओझे ओळखले पाहिजे.

६/ ‘अधिकार’ मात्र जन्मापासून सशर्त आहे. मीमांसाशास्त्रात एखादे कर्म करण्यास कोण पात्र, या चर्चेला अधिकाराची चर्चा म्हणतात. ‘अधिकारी पुरुष’ या मराठी प्रयोगात ती पात्रतेची छटा अजून जिवंत आहे. आजचा ‘अधिकारी’ हा कचेरीत बसणारा असला, तरी त्याचा अधिकार कोणत्या तरी नियमाने दिलेला आणि नियमाने बांधलेला असतो. म्हणून ‘अधिकाराबाहेर जाणे’ असे म्हणता येते. ‘ताकदीबाहेर जाणे’ याचा अर्थ निराळा होतो : तेथे नियम मोडत नाही, जमत नाही इतकेच.

७/ ‘हक्क’ अरबीतून आला. तेथे त्याचा अर्थ सत्य आणि न्याय्य वाटा असा दुहेरी आहे. मराठी कागदपत्रांत देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांचे हक्क म्हणजे उत्पन्नातील ठरलेले वाटे आणि मानपान. ‘अंमल’ही अरबीच, मूळ अर्थ कृती. म्हणून अंमल म्हणजे प्रत्यक्ष चालणारे राज्य, आणि ‘अंमलबजावणी’ म्हणजे कागदावरचे जमिनीवर आणणे. नशेलाही मराठीने ‘अंमल’ हाच शब्द दिला. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. तरीही ‘अंमल’ टिकला, कारण त्याचे काम दुसरा शब्द करीत नव्हता.

८/ शास्त्राच्या पुस्तकांनी तर ही विभागणी काटेकोर केली आहे. महाराष्ट्रातील शालेय विज्ञानात ‘बल’ वेगळे, ‘ऊर्जा’ वेगळी आणि ‘शक्ती’ वेगळी. शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर. जेम्स वॅटच्या काळातील घोड्याशी केलेली तुलना मराठीत ‘अश्वशक्ती’ म्हणून स्थिरावली. गणितात तोच इंग्रजी शब्द ‘घात’ होतो. आठवीतला विद्यार्थी बल आणि शक्ती यांत गल्लत करीत नाही, केली तर गुण जातात. मग इतिहासाच्या लेखकाला सत्ता आणि अधिकार यांत गल्लत करण्याची मुभा का असावी?

९/ कोशांच्या सभ्य पानांत सहसा न रमणारे बोलीतले शब्दही विसरू नयेत : वट, वजन, वशिला, दरारा, जरब, धाक, धमक, बिशाद. यांतील प्रत्येकाचा पत्ता निराळा आहे. धाक घालणाऱ्याच्या दारात असतो, दरारा पंचक्रोशीत असतो, वशिला दुसऱ्याच्या घरी असतो. ‘कोणाची बिशाद?’ हा प्रश्न तर केवळ नकारासाठीच जन्मला आहे. गावगाड्याचा इतिहास लिहिताना यांना ‘स्थानिक सत्ता’ या एका गोणीत भरणे म्हणजे ज्वारी, बाजरी आणि नाचणी एकत्र दळून ‘धान्य’ म्हणून विकणे होय.

१०/ आता कसोट्या. पहिली साताऱ्याच्या गादीची. १७५० च्या सांगोल्याच्या करारानंतर मराठा राज्याची ‘पॉवर’ पेशव्यांकडे गेली, असे इंग्रजी इतिहास सांगतो. ‘सत्ता पेशव्यांकडे गेली’ असे त्याचे भाषांतर सर्रास होते. मग एक साधा प्रश्न अनुत्तरित राहतो : त्यानंतरही प्रत्येक नव्या पेशव्यासाठी पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहूनच का येत राहिली?

११/ उत्तर मराठी शब्दांत आधीच आहे. पुण्याकडे कारभार आणि मुखत्यारी गेली. गादी आणि तिच्यातून निघणारा अधिकार साताऱ्यास राहिला. ‘मुखत्यार’ म्हणजे दुसऱ्याच्या वतीने वागण्यास नेमलेला. ‘पॉवर ऑफ ॲटर्नी’ला मराठीत ‘मुखत्यारपत्र’ म्हणतात, ते याच शब्दावरून. मुखत्यार मालकापेक्षा बलवान होऊ शकतो, मालकाला नजरकैदेतही ठेवू शकतो. पण मालक म्हणून सही करू शकत नाही. सातारा आणि पुणे यांच्यातील पुढील अर्धशतकाचा ताण या एका फरकात सामावलेला आहे. ‘सत्ता गेली’ म्हणणाऱ्याला तो दिसत नाही.

१२/ दुसरी कसोटी देशमुखीची, आणि ती खुद्द पाटणची. कोयना आणि केरा यांच्या संगमावरील या गावाने पाटणकर देशमुखांचे घराणे पाहिले. दख्खनचे देशमुख इंग्रजी ग्रंथांत ‘लोकल पॉवर-होल्डर’ म्हणून येतात. त्यांच्याकडे होते ते वतन : वंशपरंपरेने चालणारे, भावकीत वाटले जाणारे, गहाण पडू शकणारे आणि प्रसंगी विकलेही जाणारे. राजाच्या सत्तेचे असे तुकडे करून बाजारात मांडता येत नाहीत. वतनाच्या हक्काचे येतात. एक राज्य जाऊन दुसरे आले, तरी वतनदार नव्या राज्याकडून जुन्याच हक्काची सनद मागत असे.

१३/ अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त वतनदारांविषयी राजाला सावध केले आहे : त्यांना राज्यातील वाटेकरी मानावे, दुखवू नये आणि सैलही सोडू नये, असा त्या उपदेशाचा आशय. सत्ता आणि हक्क ही दोन वेगळी बळे एकाच भूमीवर एकमेकांना तोलत होती, हे अमात्यांना स्पष्ट दिसत होते. स्वातंत्र्यानंतर परगणा आणि कुलकर्णी वतने रद्द झाली ती १९५० च्या मुंबई राज्याच्या कायद्याने. तेव्हा संपले ते हक्क. वट त्याच दिवशी संपली, असे कोणीही पाटणकर म्हणणार नाही.

१४/ तिसरी कसोटी १९४३ ते १९४६ मधील प्रतिसरकारची. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजचा सांगली जिल्ह्याचा मोठा भागही होता; दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ मध्ये, आणि त्याचे ‘सांगली’ हे नाव १९६० मधले. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखालील या चळवळीला इंग्रजीत ‘पॅरलल गव्हर्नमेंट’ म्हणतात. त्यावरून ‘समांतर सरकारने सत्ता ताब्यात घेतली’ असे मराठी वाक्य तयार होते. ते ऐकायला जोरकस आहे आणि अर्थाने पोकळ.

१५/ त्या वर्षांत घडले ते असे : ब्रिटिश सरकारकडे कायद्याने दिलेला अधिकार शाबूत होता, कचेऱ्या होत्या, तुरुंग होते, पण अनेक गावांत त्याचा अंमल विरळ झाला होता आणि दरारा उतरला होता. प्रतिसरकारकडे कायद्याचा अधिकार शून्य; पण गावोगावच्या न्यायमंडळांना लोकमान्यता होती, कुंडलच्या तूफान सेनेकडे बळ होते, आणि सावकार-गुंडांवर धाक होता. ‘पत्री सरकार’ हे लोकांच्या तोंडचे नावही शिक्षेच्या धाकातूनच आल्याचे सांगतात. अधिकार एकीकडे आणि मान्यता दुसरीकडे, ही या चळवळीची खरी गोष्ट. ‘पॉवर’ने ती सांगता येत नाही.

१६/ आता चौथी कसोटी, जिच्यासाठी हा थ्रेड लिहिला आहे : कोयना. नदी महाबळेश्वरला उगम पावते, दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि पाटणवरून कराडला कृष्णेस मिळते. त्या वळणाशी, देशमुखवाडीजवळ, धरण बांधले गेले. अडवलेल्या पाण्यातील मोठा वाटा बोगद्यांतून सह्याद्री ओलांडून चारशे मीटरहून अधिक खाली, चिपळूण तालुक्यातील पोफळीकडे सोडला जातो आणि वीज करून वाशिष्ठीमार्गे अरबी समुद्राला मिळतो. पूर्ववाहिनी नदी पश्चिमेकडे वळवण्यात आली. १९६२ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. आज प्रकल्पाची स्थापित क्षमता १९६० मेगावॅट आहे. इंग्रजीत हा ‘पॉवर प्रोजेक्ट’.

१७/ सह्याद्रीच्या पाण्यापासून वीज करण्याचा धडा त्याआधीचा. टाटांचे खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाले. मुळशी खोऱ्यातील धरणाला मावळ्यांनी विरोध केला आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. पुढे सेनापती बापटांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. तेथेही शब्दांचाच पेच होता. अनेक जमिनींचा कागदोपत्री हक्क पुण्याच्या सावकारांकडे होता, कसणूक मावळ्यांकडे. भरपाईचे गणित मालकीहक्काला कळले, कसणुकीला कळले नाही. सावकार पैशांवर राजी झाले आणि सत्याग्रहाचा कणा मोडत गेला.

१८/ मुळशी असो वा कोयना, जमीन गेली ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. त्या कायद्याने सरकारला ‘सार्वजनिक प्रयोजना’साठी खाजगी जमीन घेण्याची मुभा दिली. आता ही साखळी पाहा. सरकारने एक ‘पॉवर’ वापरली : भूसंपादनाचा अधिकार. त्यातून दुसरी ‘पॉवर’ निघाली : वीज. त्या विजेवर मुंबईचे कारखाने आणि नव्या राज्याचे औद्योगिक धोरण उभे राहिले, आणि तिसरी ‘पॉवर’ दृढ झाली : सत्ता. इंग्रजीत हे तिन्ही टप्पे एकाच शब्दाचे आहेत, त्यामुळे ते एकच वाटतात. मराठीत ते तीन आहेत, आणि प्रत्येक टप्प्यावर थांबून विचारता येते : येथे कोणाला काय मिळाले?

१९/ चौथा शब्द त्या साखळीत नाही. तो म्हणजे हक्क. भारतीय संविधानाच्या मराठी पाठाने येथे मोठे उपकार केले आहेत : नागरिकाचे ते ‘मूलभूत हक्क’ आणि संसद वा राष्ट्रपतीचे ते ‘अधिकार’. हिंदीत मूलभूत हक्कांना ‘मूल अधिकार’ म्हणतात. मराठीने ही सीमारेषा स्वच्छ ठेवली. कोयनेचे भूसंपादन चालू असण्याच्या काळात मालमत्ता हा मूलभूत हक्कच होता. पण १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीने भरपाई पुरेशी आहे की नाही, हा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतूनही गेला. हक्क आक्रसला, अधिकार वाढला.

२०/ खोऱ्यातील सुमारे शंभर गावांना याची झळ लागली. काही कुटुंबे सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड, रत्नागिरी अशा दूरच्या जिल्ह्यांत पाठवली गेली. काही जण पाण्याच्या वर, डोंगरउतारावर सरकले. त्या वेळी महाराष्ट्रात प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. पहिला कायदा आला १९७६ मध्ये, म्हणजे वीजनिर्मिती सुरू झाल्यानंतर चौदा वर्षांनी. त्यानंतर १९८६ आणि १९९९ चे कायदे. आणि २०१८ मध्येही कोयनानगरला पुनर्वसनाच्या मागणीसाठी ठिय्या आंदोलन करावे लागले. ज्यांच्या आजोबांनी घर सोडले, ती नातवंडे तेथे बसली होती.

२१/ ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. तीव्रता सहा रिश्टरहून अधिक. मृत दीडशेहून अधिक. जलाशय आणि भूकंप यांच्या नात्याचा अभ्यास जगभर झाला, त्यात कोयनेचे नाव अग्रभागी आहे. त्या दिवशी मुंबईचा वीजपुरवठाही विस्कळीत झाला. ‘पॉवर फेल्युअर’ ही मुंबईची बातमी. पाटण खोऱ्याची बातमी कोसळलेली घरे. एकाच घटनेला दोन ठिकाणी दोन नावे मिळतात, तेव्हा कोणते नाव इतिहासात टिकते, याकडे लक्ष ठेवावे.

२२/ गोष्ट तेथेही थांबली नाही. डोंगरावर सरकलेल्या गावांभोवती १९८५ मध्ये कोयना अभयारण्य जाहीर झाले आणि २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. पुन्हा स्थलांतर, पुन्हा मोबदल्याची बोलणी. पाटणजवळच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी राहिली : पुन्हा ‘पॉवर’. कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली आहे. म्हणजे पाण्याचा हिशेब दशांशापर्यंत ठरला. माणसांचा हिशेब तितक्या नेमकेपणाने ठरावा, ही मागणी अवाजवी कशी?

२३/ या साऱ्याचे मराठीत होणारे वर्णन आता तपासू. ‘कोयना ही महाराष्ट्राची वरदायिनी.’ ‘गावे पाण्याखाली गेली.’ ‘धरणग्रस्तांनी त्याग केला.’ वर देवता देते. त्याला करार लागत नाही. गावे आपणहून कोठे गेली नाहीत. ती बुडवण्याचा निर्णय झाला. ‘ग्रस्त’ हा प्रत्यय दुष्काळ, पूर आणि रोग यांच्या पंक्तीतला. त्याने धरण हे निसर्गाचे संकट वाटू लागते. आणि त्याग स्वेच्छेने करतात; भूसंपादनाच्या नोटिशीला नकार देण्याची सोय नसते. ‘पॉवर’चे आळशी भाषांतर आणि ही गोड वाक्ये यांचे काम एकच : कर्ता लपवणे.

२४/ यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि त्याला उत्तर देणे आवश्यक आहे. फ्रेंच विचारवंत मिशेल फूको यांनी सत्ता ही राजवाड्यात साठवलेली वस्तू नसून रुग्णालय, शाळा, तुरुंग अशा सर्व व्यवहारांत पसरलेले नाते आहे, असे दाखवले. त्यांचा फ्रेंच शब्दही ‘करू शकणे’ या क्रियापदाचाच. मग एकच व्यापक शब्द असणे हेच बरे नाही का? वीज आणि राज्य यांचा संबंध ‘पॉवर’ या एका शब्दामुळेच तर सुचतो!

२५/ संबंध सुचतो, हे मान्य. पण संबंध जोडायला दोन वेगळ्या गोष्टी आधी डोळ्यांसमोर असाव्या लागतात. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी म्हणूनच दोन शब्द वेगळे ठेवले : विरोध असतानाही आपले म्हणणे रेटण्याची शक्यता ती ‘माख्ट’, आणि दिलेली आज्ञा पाळली जाण्याची शक्यता ती ‘हेर्शाफ्ट’. मराठी वाचकाला हा भेद समजावण्यास परिश्रम पडत नाहीत. बळ आणि अंमल म्हटले की पुरते. जो भेद इतरांना व्याख्या देऊन करावा लागतो, तो आपल्या बोलीत तयार आहे. तो मोडून इंग्रजीचा एकजिनसीपणा आयात करणे, याला आधुनिकता म्हणता येणार नाही.

२६/ इंग्रजी शब्दांचा हा द्वेष नव्हे. पाटणच्या बाजारात ‘पॉवर गेली’ असे म्हणणारा कोणतीही चूक करीत नाही. ऐकणाऱ्याला अंधार दिसतच असतो. चूक त्या लेखकाची, जो दोनशे वर्षांपूर्वीच्या किंवा साठ वर्षांपूर्वीच्या प्रसंगाविषयी लिहितो आणि वाचकासमोर तो अंधार नसतो. त्याने ‘पॉवर’ भेटताच चार प्रश्न विचारावेत. ती कोणाकडे होती? कशावर चालत होती? कोणी दिली होती? आणि तिच्याविरुद्ध दाद कोठे मागता येत होती? उत्तरे लिहिली की योग्य मराठी शब्द आपोआप सापडतो.

२७/ कोयनेपुरती ही उत्तरे लिहून पाहू. सरकारने १८९४ च्या कायद्याचा अधिकार वापरून खोऱ्यातील जमीन घेतली. तेथून निघालेल्या विजेने मुंबईची यंत्रे चालली आणि राज्याची आर्थिक ताकद वाढली. खोऱ्यातील माणसांकडे जमिनीचा हक्क होता. त्याच्या बदल्यात मिळालेल्या मोबदल्याविरुद्ध दाद मागण्याची वाट त्याच वर्षांत अरुंद झाली, आणि पुनर्वसनाचा कायदा चौदा वर्षे उशिरा आला. या चार वाक्यांत ‘पॉवर’ एकदाही आलेली नाही, आणि ‘त्याग’ही नाही. कोयनेवरील पुढचा लेख, व्हिडिओ किंवा थ्रेड निदान इतक्या नेमक्या शब्दांत लिहिला जावा.

(थ्रेड समाप्त)